लेकुरवाळ्या कुटुंबांचा अरण्यमुक्काम : ताडोबा परिसराचा आढावा

ज्या घरात दोन-अडीच वर्षांचे मूल आहे आणि त्याच्या मागे धावण्यात दिवस कधी उगवतो नि कधी मावळतो हे आईबापांना कळेनासे झाले आहे, त्या घरात सुटीचा बेत निघाला की पहिली अपेक्षा एवढीच असते, की चार दिवस स्वयंपाकाची, हिशेबाची आणि पुढच्या जेवणवेळेची विवंचना दुसऱ्या कोणीतरी आपल्या शिरावर घ्यावी. निवास, भोजन, करमणूक आणि सरबराई या सर्वांचे एकच मोल आगाऊ घेऊन पाहुण्याला पुढे खिशात हात घालण्याची वेळ येऊ न देण्याची पद्धत याच अपेक्षेतून जगभर रूढ झाली. १९५० साली जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने मायोर्का बेटावरील अल्कुदिया येथे समुद्रकाठी तंबू ठोकून ‘क्लब मेदितेरानी’ची पहिली वसाहत थाटली, आणि तेव्हापासून अशा सर्वसमावेशक मुक्कामाचे चित्र लोकांच्या मनात पुळण, लाटा आणि माडांच्या सावलीसह येते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हा समुद्र तसा दूरच. नकाशावर सरळ रेष ओढून पाहिली, तर चंद्रपूरपासून मुंबईचा किनारा पावणेसातशे किलोमीटरच्या घरात पडतो, आणि पूर्वेकडचा काकिनाड्याचा किनारा साडेचारशेच्या आसपास. म्हणजे कोकण आपल्या राज्यातले असले तरी बंगालचा उपसागर आपल्याला अधिक जवळ आहे. बल्लारशाहहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग बापटला आणि चिराला या गावांवरून जातो व तेथून समुद्र काही मैलांवरच राहतो, ही गोष्ट आपल्याकडील फार थोड्या कुटुंबांच्या ध्यानात असते. तथापि या लेखाचा विषय तो किनारा नव्हे. ताडोबाच्या वेशीवर गेल्या दोन-तीन दशकांत रिसॉर्टांची जी वस्ती उभी राहिली, तिने समुद्रकाठचीच ती पद्धत अरण्यात आणली. आणि लहान मुले घेऊन तेथे जावे की नाही, जावयाचे तर कोणत्या बाजूला, कोणत्या ऋतूत आणि काय पारखून, हा प्रश्न आज नागपूर, पुणे, मुंबई आणि हैदराबाद येथील असंख्य मराठी घरांत विचारला जातो. त्याचा सांगोपांग विचार करणे अगत्याचे आहे.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले, तेव्हा विदर्भ मध्यप्रदेशात होता आणि महाराष्ट्र राज्य जन्माला यावयाचे होते. त्या काळी अरण्यात मुक्काम करावयाचा म्हणजे वनखात्याच्या विश्रामगृहाचा परवाना काढावा, शिधा आणि कंदिलाचे तेल बरोबर न्यावे, आणि चौकीदाराने चुलीवर रांधलेले वरणभात गोड मानून घ्यावे, असा शिरस्ता होता. १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले, पुढे दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आज त्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा असून भोवतालचे बफर क्षेत्र अकराशेच्या आसपास आहे. पर्यटन विकास महामंडळाचे आणि वनविकास महामंडळाचे निवास मोहर्लीला आहेत. खुटवंड्याजवळ टायगर ट्रेल्स, भामडेळीजवळ इरई सफारी रिट्रीट, कोलाऱ्याला स्वसारा अशी खाजगी ठिकाणे आहेत. आणि त्यांच्या अवतीभोवती लहानमोठ्या निवासांची संख्या वर्षागणिक वाढते आहे. खोली, तिन्ही वेळचे जेवण आणि दिवसातून दोन सफारी एकाच रकमेत देण्याच्या योजनेला या धंद्यातले लोक ‘जंगल प्लॅन’ म्हणतात, आणि लहान मुलांची कुटुंबे बहुधा तोच मागतात.

हा जंगल प्लॅन खरेदीखत वाचावे तितक्या काळजीने वाचला पाहिजे. सफारीचा खर्च म्हणजे प्रवेशाचा परवाना, जिप्सीचे भाडे आणि गाइडचे मानधन असे तीन वेगळे तपशील असतात, आणि एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात हे धरून त्यांची विभागणी होते. योजनेत ‘सफारी समाविष्ट’ असे लिहिलेले असले, तरी ती अख्खी जिप्सी आहे की तिच्यातली दोन-तीन आसने आहेत, गाभ्याची आहे की बफरची, शनिवार-रविवारचा वाढीव दर त्यात धरला आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. लहान मूल असलेल्या कुटुंबाने अनोळखी प्रवाशांसह अर्धी जिप्सी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मूल रडते, त्याला शू लागते, त्याला परतावेसे वाटते, आणि वाघाच्या आशेने आलेल्या सहप्रवाशांच्या मुद्रा पाहून आई त्याला दटावत राहते. यात मुलाचा दोष नाही आणि सहप्रवाशांचाही नाही. परवाना नावानिशी निघतो, तो ऐनवेळी बदलता येत नाही, आणि मूल आदल्या रात्री तापले तर ती रक्कम बुडीत खात्यात जाते. म्हणून दोन दिवसांच्या मुक्कामात चार सफारी आधीच बांधून टाकणाऱ्या योजनेपेक्षा, खोली आणि जेवण एका रकमेत ठेवून एखादीच सफारी वेगळी काढू देणारी योजना, दिसायला कमी समावेशक असली तरी, लेकुरवाळ्यांच्या हिताची असते. मुलांच्या वयोमर्यादेचे आणि त्यांच्या परवान्याचे नियम आरक्षण करतानाच विचारून घ्यावेत. रिसॉर्टातील मुलांचे दर आणि वनखात्याचे मुलांविषयीचे नियम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की फाटकावर वाद उभा राहतो.

आता प्रत्यक्ष सफारीकडे येऊ, कारण सर्व घोडे तेथेच पेंड खाते. सकाळची फेरी उजाडता उजाडता सुटते आणि चारेक तास चालते. म्हणजे मुलाला अंधारात उठवावे लागते. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीवर वारा असा झोंबतो की प्रौढ माणूसही कांबळे लपेटून बसतो. आणि उन्हाळ्यात नऊ वाजल्यापासून मातीचा धुरळा आणि ऊन दोन्ही अंगावर येतात. जिप्सीची मागची बाके उंचावर बसविलेली असतात, बाजूचा लोखंडी दांडा लहान मुलाच्या छातीपाशी येतो, आणि खड्ड्यात चाक गेले की मांडीवरचे मूल हातभर उसळते. म्हणून मुलासह चालकाच्या लगेच मागच्या बाकावर, मधोमध बसावे. खाली उतरण्यास मज्जाव असतो. लघुशंकेची सोय फाटकावर आणि ठरावीक जागीच असते, आणि तीन वर्षांच्या मुलाला ही शिस्त समजावून सांगता येत नाही. २०१८ च्या अखेरीपासून गाभ्यात मोबाइल नेण्यास बंदी झाली, म्हणजे ज्या घरात मोबाइलवरची गाणी लावून मुलाला गप्प बसविण्याची सवय पडली आहे, त्या घराने हाही विचार आधी करून ठेवावा.

इतके सोसून मुलाला काय मिळते, हा प्रश्न मोकळेपणाने विचारला पाहिजे. चार वर्षांच्या मुलाला वाघाचे मोल कळत नाही. पन्नास-साठ हातांवर गवतात पडलेला पट्टेदार आकार त्याच्या डोळ्यांना पुष्कळदा सापडतही नाही. उलट पांढऱ्याफटक बुंध्याचे कांडोळाचे झाड, ज्याला गाइड मंडळी ‘भुताचे झाड’ म्हणून दाखवितात, ते त्याला दिसते. माणसाच्या उंचीची वारुळे दिसतात. पोटाशी पिलू धरून फांदीवर बसलेली वानरीण दिसते. ताडोबा तलावाच्या काठी ऊन खात पडलेली मगर दिसते. आणि रस्त्याच्या कडेने उभे असलेले गोंडराजांच्या काळचे दगडी खांब दिसले, की पूर्वी त्यांवरून दोर ओढून राजाच्या येण्याची वर्दी देत असत ही गाइडने सांगितलेली कथा सात-आठ वर्षांचे मूल डोळे विस्फारून ऐकते. ज्या तारू नावाच्या गोंड पुढाऱ्याने वाघाशी झुंज घेतली आणि ज्याच्या नावावरून ताडोबा हे नाव पडले असे सांगतात, त्याचे स्थान त्याच तलावाच्या काठी झाडाखाली आहे आणि पौषात तेथे यात्रा भरते. या गोष्टी मुलांना आवडतात, आणि त्यांतल्या कितीतरी बफर क्षेत्रातही पाहावयास मिळतात. तेथे फेरी घेतली तर दगदग कमी आणि खर्चही बहुधा हलका. पाच वर्षांखालील मुलाला गाभ्याच्या सफारीला नेण्याचा आग्रह आईबापांचा असतो, मुलाचा नसतो. आणि आईबापांना जावयाचेच असेल, तर एकाने सकाळी जावे, दुसऱ्याने दुपारी जावे, आणि मूल रिसॉर्टावर राहावे, हा मार्ग उत्तम.

मूल रिसॉर्टावर राहावयाचे ठरले, की रिसॉर्टाची खरी परीक्षा सुरू होते. सकाळची फेरी दहा-साडेदहाला परतते, दुपारची अडीच-तीनला निघते, आणि मधले चार तास, किंवा दुपारची फेरी टाळली तर सायंकाळपर्यंतचा सारा वेळ, त्या आवारात काढावयाचा असतो. जाहिरातीतल्या छायाचित्रांत वाघ असतो, पोहण्याचा तलाव असतो, मेणबत्त्यांच्या उजेडातले जेवण असते. परंतु भर दुपारी तीन वर्षांचे मूल कोठे खेळेल, हे त्या छायाचित्रांत कधीही नसते. आवारात दाट सावलीची जुनी मोहाची, आंब्याची, चिंचेची झाडे आहेत की जमीन साफ करून परदेशी हिरवळ लावली आहे, हे प्रथम विचारावे. खोलीपुढे कठड्याची पडवी आहे काय, खोलीत गारवा टिकतो काय, वीज गेली तर जनित्रावर वातानुकूलन चालते की केवळ दिवे, हे विचारावे. पोहण्याच्या तलावाला कुंपण आणि बंद होणारे दार आहे काय, मुलांसाठी गुडघाभर पाण्याचा वेगळा हौद आहे काय, आणि त्यावर देखरेख करणारा माणूस नेमलेला आहे की ‘पाहुण्यांनी आपल्या जबाबदारीवर उतरावे’ अशी पाटी लावून सुटका करून घेतली आहे, हेही विचारावे. कुंपण नसलेला तलाव खोल्यांच्या दारापुढेच असेल, तर चालू लागलेल्या मुलाच्या कुटुंबाने ते ठिकाण, त्याची कीर्ती कितीही मोठी असो, सोडून द्यावे.

आवाराचे कुंपण हा त्याच परीक्षेतला दुसरा भाग. चंद्रपूर जिल्ह्यात वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसे दगावतात. खुद्द शहरालगतच्या दुर्गापूरसारख्या दाट वस्तीत बिबट्याने लहान मुलांवर हल्ले केल्याच्या घटना घडल्या आहेत. रिसॉर्ट अरण्याला जितके लगटून, तितका त्याचा भाव अधिक, हे व्यापाराचे गणित झाले. परंतु दिवेलागणीनंतर मुलाला एकट्याने एका खोलीतून दुसरीत धावू द्यावयाचे नाही, भोजनगृहापर्यंतची वाट उजेडाची आहे हे पाहावयाचे, आणि रात्री गेल्यास बरोबर माणूस देण्याची तजवीज आहे काय हे विचारावयाचे, हे नियम जंगलात मुलांना आणणाऱ्या प्रत्येकाने पाळलेच पाहिजेत. या जिल्ह्यातली खेड्यांतली आई हे नियम रोज पाळते.

कोणत्या फाटकाची बाजू निवडावी, याविषयी बरेच मतभेद ऐकू येतात, आणि ते बहुधा वाघ कोठे अधिक दिसतो यावरून असतात. लेकुरवाळ्यांनी निकष बदलावा. मोहर्ली चंद्रपूरहून तासाभराच्या आत गाठता येते, चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने आहेत, औषधांची दुकाने आहेत. शिवाय मोहर्लीच्या वाटेवर आगरझरीला फुलपाखरांचे उद्यान आहे, तेथे मुलांना पायी हिंडता येते. कोलारा आणि नवेगावची बाजू नागपूरहून येणाऱ्यांना जवळ पडते व चिमूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. खुटवंड्याची बाजू शांत आहे, आणि वरोऱ्याकडून येताना वाटेत आनंदवन पाहून पुढे जाता येते. झरी-पांगडीकडे गर्दी कमी, सोयीही कमी; मुले मोठी असतील तर ती बाजू मला स्वतःला फार आवडते. दोन वर्षांखालील मूल बरोबर असेल, तर मात्र मोहर्लीखेरीज दुसरे नाव मी घेणार नाही.

भोजनाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. तीस-चाळीस पदार्थांची मांडणी पाहून आईबाप हरखतात. मुलाला सकाळी सहाला कोमट दूध, अकराला मऊ वरणभात आणि सायंकाळी सातच्या आत जेवण हवे असते, आणि मांडणीची वेळ बहुधा साडेआठची असते. स्वयंपाकघर वेळेआधी मुलाचे ताट देईल काय, एवढा एक प्रश्न विचारला की त्या ठिकाणाची वृत्ती कळते. ज्या ठिकाणी आचारी आसपासच्या गावचा असतो, तेथे हे काम न सांगता होते, आणि मोठ्यांच्या ताटात गोळाभात, सांबारवडी असे आपल्याकडचे पदार्थही पडतात. पाणी मात्र मुलासाठी उकळलेले किंवा बंद बाटलीचेच घ्यावे. जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. दोन दिवसांच्या पाहुण्याला त्याची बाधा होत नाही, त्याला भय असते ते जंतूंचे. फ्लोराइडचे दुःख तेथे जन्म काढणाऱ्या मुलांच्या दातांवर आणि हाडांवर उतरते, आणि ते सुटीच्या हिशेबात कधी येत नाही.

ऋतूचा निर्णय सर्वांत सोपा, तरी चूक सर्वाधिक तेथेच होते. शाळांना सुटी मे महिन्यात असते आणि पाणवठ्यावर वाघही तेव्हाच अधिक दिसतो, म्हणून कुटुंबे मे महिन्यात येतात. आणि त्याच महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो. लहान मुलाच्या शरीरातले पाणी मोठ्यांपेक्षा लवकर आटते, आणि त्याला ते सांगता येत नाही. ज्यांच्या मुलांना शाळेचे बंधन नाही, त्यांनी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचाच काळ घ्यावा. पावसाळ्यात, जुलैपासून सप्टेंबरअखेर, गाभा बंद असतो, आणि एरवीही मंगळवारी बंद असतो; त्या दिवसांत काही ठिकाणी दर उतरतात, परंतु डास आणि साप यांचाही तोच हंगाम आहे. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो, तेव्हा मुलाला खाटेवर, मच्छरदाणीची कड गादीखाली घट्ट खोचूनच निजवावे; आणि रिसॉर्ट मच्छरदाणी देत नसेल तर ती घरून न्यावी.

मच्छरदाणीचा विषय निघाला की गडचिरोलीकडे वळणे भाग आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, ज्याला सर्वसमावेशक म्हणावे असे रिसॉर्ट माझ्या पाहण्यात नाही, आणि त्याची उणीव मला भासलेली नाही. वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते त्या मार्कंड्याची देवळे, आलापल्लीचे वनवैभव, कमलापूरचा हत्तींचा कॅम्प, वर्धा-वैनगंगेच्या संगमाजवळचे चपराळा, आणि १९७३ पासून हेमलकशात चालत आलेला लोकबिरादरी प्रकल्प व तेथील प्राण्यांचे अनाथालय, इतका ऐवज आठ-दहा वर्षांच्या मुलापुढे ठेवता येईल असा दुसरा जिल्हा महाराष्ट्रात थोडाच सापडेल. कमलापूरला हत्ती आंघोळ करताना जवळून पाहणे हे मुलाला कोणत्याही पोहण्याच्या तलावापेक्षा अधिक काळ आठवते. परंतु हा जिल्हा राज्यातील हिवतापाचे सर्वांत मोठे ठाणे आहे, आणि येथे आढळणारा फाल्सिपेरम जातीचा ताप लहान मुलांच्या जिवावर बेततो. तेथून परतल्यावर महिना-दोन महिन्यांत मुलाला ताप आला, तर पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला ‘आम्ही गडचिरोलीच्या जंगलात गेलो होतो’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि रक्ततपासणीचा आग्रह धरावा. पाच वर्षांखालील मुलांना मी तेथे पर्यटनासाठी नेऊ नये असेच म्हणेन. आणि पावसाळ्यात तर पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाटच तुटते. हिवाळ्यात, मोठ्या मुलांसह, साध्या विश्रामगृहांत उतरून केलेली गडचिरोलीची फेरी मात्र अवश्य करावी. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजकडच्या गावांत झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र रंगतात. आईबापांच्या मांडीवर पेंगत पाहिलेला त्यातला एक अंकसुद्धा मुलाच्या हिशेबी जमेचा आहे.

सर्वसमावेशक रकमेत आणखी एक गोष्ट समाविष्ट असावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्या आवारात आपली मुले दोन दिवस सुरक्षित खेळतात, त्या आवाराच्या भिंतीपलीकडच्या गावांनी वाघासाठी आपली कुरणे, मोहफुले वेचण्याच्या वाटा आणि काही ठिकाणी अख्खी गावठाणे सोडली आहेत. गाइड, जिप्सीचालक, आचारी आणि खोल्या झाडणाऱ्या बाया याच गावांतून आल्या, तर त्या त्यागाचा थोडा तरी मोबदला तेथे पोचतो; ताडोबात आता स्त्रिया गाइडचे काम करतात, आणि लहान मुले बरोबर असताना अशी गाइड मिळाली तर फेरीचा रंगच पालटतो, कारण मूल कंटाळले हे तिला आईच्या आधी कळते. आरक्षण करताना ‘तुमच्याकडे स्थानिक माणसे किती?’ हा प्रश्न कुटुंबांनी विचारावा. ग्राहकाने विचारलेला प्रश्न मालकाला हुकमासारखा लागू पडतो.

वनखात्याकडे आणि निवासांच्या चालकांकडे एक मागणी करून लेखणी ठेवतो. चार तासांची फेरी प्रौढांच्या मापाने बेतलेली आहे. बफर क्षेत्रात, उजाडल्यानंतर निघून दीड तासात परतणारी, वाटेत उतरण्याची एक सुरक्षित जागा असलेली, पुढच्या बाकाला लहान मुलांसाठी पट्टा बसविलेली आणि गोष्टी सांगता येणारी गाइड असलेली वेगळी बालफेरी मोहर्ली आणि कोलारा या दोन्ही बाजूंना ठेवावी, तिचा दर वेगळा आणि माफक असावा, आणि आठवड्यातून एक दिवस ती बफरमधील गावांच्या शाळकरी मुलांसाठी विनामूल्य राखून ठेवावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा रस्ता लागत नाही. आहे त्याच जिप्सींवर आणि आहे त्याच फाटकांवर येत्या नोव्हेंबरपासून ती सुरू करता येईल.